दुसऱ्याने लिहिलेला क्लास आपल्या टेबलावर: डी अँड डी मधली 'थर्ड पार्टी प्लगइन्स' कशी चालतात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये एकाने नवीन पीडीएफ आणली. आम्ही पाच जण, सगळे आयटीवाले, आणि खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्या पीडीएफमध्ये एक नवा योद्धा क्लास होता. मुखपृष्ठ झकास, मांडणी अगदी अधिकृत पुस्तकासारखी. आम्ही चित्रं बघितली, "भारी आहे रे" म्हणालो आणि खेळायला बसलो.

तिसऱ्या रविवारी खेळ संपल्यावर, चोराचं पात्र खेळणारा मित्र शांतपणे म्हणाला, "पुढच्या वेळी मी नाही आलो तर चालेल का? तसंही माझ्यासाठी काही काम उरत नाही."

तेव्हा लक्षात आलं. ऑफिसात कोणी अनोळखी लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घातली असती, तर आम्हीच दहा प्रश्न विचारले असते. कोणी लिहिलीय, कोणत्या व्हर्जनसाठी आहे, लायसन्स काय, टेस्ट केलीय का? इथे मात्र एकही प्रश्न न विचारता आम्ही थेट प्रॉडक्शनला मर्ज केलं होतं.

डी अँड डी मधला बाहेरच्यांनी लिहिलेला क्लास हे खरोखरच एक प्लगइन असतं. ते का चालतं, कोणाच्या परवानगीने चालतं आणि टेबलावर घेण्याआधी ते कसं तपासायचं, हे तीन भाग आज बघू.

## आधी खेळ थोडक्यात

डी अँड डी पहिल्यांदा १९७४ मध्ये अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे निर्माते, आणि टीएसआर ही प्रकाशक कंपनी. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो. तो जग, राक्षस आणि प्रसंग सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि "मी काय करतो" ते सांगतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा.

क्लास म्हणजे त्या पात्राचा पेशा: फायटर, विझर्ड, रोग, क्लेरिक वगैरे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मुख्य पुस्तकात असे १२ क्लास आहेत. पुढच्या दहा वर्षांत अधिकृत पुस्तकांमधून पूर्णपणे नवा असा एकच क्लास आला, आर्टिफिसर. खेळणारे लाखो आणि नवा क्लास एक! ही पोकळी बाहेरच्या लेखकांनी भरली. मेज हँड प्रेसच्या 'वाल्डाज स्पायर ऑफ सीक्रेट्स' या एकाच पुस्तकात अल्केमिस्ट, गनस्लिंगर, नेक्रोमॅन्सर, विच असे १० नवे क्लास आहेत.

## क्लास 'प्लग इन' होतो म्हणजे काय?

प्रोग्रामरच्या नजरेने बघितलं तर क्लास म्हणजे एक तक्ता आणि काही फंक्शन्स. तक्त्यात १ ते २० लेव्हल असतात आणि कोणत्या लेव्हलला काय मिळतं ते लिहिलेलं असतं. त्याशिवाय काही ठरलेल्या जागा भराव्याच लागतात: जीव मोजायचा फासा कोणता, कोणती चिलखतं आणि शस्त्रं चालतात, कोणत्या दोन 'सेव्हिंग थ्रो' मध्ये पात्र तरबेज आहे, आणि शक्ती वापरून संपल्या की किती विश्रांतीनंतर परत मिळतात.

गंमत अशी की मूळ खेळाला तुमच्या क्लासचं नाव माहीत असायची गरजच नाही. खेळ फक्त इतकंच विचारतो: हल्ल्याचा आकडा किती आला? समोरच्याच्या बचावाच्या आकड्याइतका किंवा जास्त आहे का? लागला असेल तर नुकसान किती? ही उत्तरं ठरलेल्या साच्यात दिली की झालं. मग क्लास सिएटलजवळच्या कंपनीत लिहिलेला असो, नाहीतर कोणाच्या घरी जेवणाच्या टेबलावर. एपीआय सारखाच.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे मॅथ्यू मर्सर यांचा ब्लड हंटर. त्याचं बीज २०१५ सालच्या 'द लास्ट विच हंटर' या सिनेमाच्या प्रसिद्धीत आहे. तेव्हा मर्सर यांनी विन डिझेलसोबत एक डाव खेळवला होता आणि त्याच्यासाठी खास क्लास बनवला होता. तोच पुढे वाढून ब्लड हंटर झाला. त्यात हा योद्धा स्वतःचा थोडा जीव खर्च करून शस्त्रावर जास्तीचं नुकसान चढवतो. यात नवीन काय? जीव मोजणं आणि नुकसान मोजणं हे दोन्ही खेळात आधीपासूनच होतं. मर्सर यांनी एकाची किंमत दुसऱ्यात मोजली. इंजिनला हात न लावता अनुभव मात्र पूर्ण वेगळा. चांगल्या थर्ड पार्टी क्लासची खूण हीच.

## परवानगी कोणाची?

वाचकांनी क्लास लिहिणं या खेळाला नवीन नाही. आज अधिकृत असलेला रेंजर सुद्धा आधी १९७५ मध्ये टीएसआरच्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रिकेत जो फिशर यांच्या नावाने आला होता. पण खेळ मोठा झाला तशी मालकीची भिंतही उंच झाली. १९९० च्या दशकात टीएसआर बाहेरच्या प्रकाशकांच्या बाबतीत बरीच कडक होती. 'रोल एड्स' या पुस्तकमालेवरून मेफेअर गेम्स या कंपनीशी तिचा कोर्टात वाद झाला.

१९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली. तेव्हा तिथल्या रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल आलं. त्यामागची प्रेरणा थेट आपल्या जगातली होती: ओपन सोर्स चळवळ आणि जीपीएल. हिशोब साधा होता. बाहेरचे लोक साहस-कथा आणि क्लास लिहितील, ते वापरायला मूळ पुस्तक लागेलच, म्हणजे मूळ पुस्तक जास्त खपेल.

यासाठी कंपनीने नियमांचा एक मोकळा भाग वेगळा काढून दिला. त्याचं नाव सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, थोडक्यात एसआरडी. तो म्हणजे पब्लिक एपीआयचं डॉक्युमेंटेशन म्हणा. त्यात सगळं नसतं. पाचव्या आवृत्तीच्या एसआरडी ५.१ मध्ये बाराही क्लास आहेत, पण प्रत्येकाचा उपवर्ग फक्त एक. फायटरचा चॅम्पियन आहे, बॅटल मास्टर नाही. रोगचा थीफ आहे, असॅसिन नाही. त्यामुळे बाहेरचा लेखक "बॅटल मास्टरसारखी मॅन्युव्हर्स वापरा" असं लिहून त्यांचा मजकूर उचलू शकत नाही. त्याला स्वतःची यंत्रणा लिहावी लागते.

ओजीएल आल्यावर पुस्तकांचा पूर आला. त्यात उत्तम होती, तशी घाईत छापलेलीही भरपूर होती. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने ओजीएल सोडून जास्त जाचक अटींचं लायसन्स आणलं आणि अनेकांनी पाठ फिरवली. पायझो या कंपनीने तर जुन्या आवृत्तीच्या मोकळ्या नियमांवरून २००९ मध्ये स्वतःचा पाथफाइंडर काढला. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी चक्क फोर्क केलं! २०१६ मध्ये पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ओजीएलखाली आला आणि बाहेरच्या लेखकांना पुन्हा रान मोकळं झालं.

## एका शब्दाचा बग

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

ओजीएल १.० अ मध्ये लिहिलं होतं की परवाना 'पर्पेच्युअल' आहे, म्हणजे कायमचा. वीस-बावीस वर्षं सगळे निर्धास्त होते. पण दोन बारीक गोष्टी राहून गेल्या होत्या. एक, त्यात 'इर्रिव्होकेबल', म्हणजे मागे न घेता येणारा, हा शब्द नव्हता. दोन, नवव्या कलमात म्हटलं होतं की लायसन्सची कोणतीही 'ऑथराइज्ड' आवृत्ती वापरता येईल. मग कंपनीनेच म्हटलं की जुनी आवृत्ती आता ऑथराइज्ड नाही, तर?

जानेवारी २०२३ मध्ये नेमकं हेच समोर आलं. ५ जानेवारीला गिझमोडोने ओजीएल १.१ च्या फुटलेल्या मसुद्याची बातमी दिली. त्यात जुनी आवृत्ती रद्द ठरवायची भाषा होती. वर्षाला ५० हजार डॉलरपेक्षा जास्त कमाई असेल तर कंपनीला कळवायचं. साडेसात लाख डॉलरच्या वर गेलात तर वरच्या उत्पन्नावर २५ टक्के द्यायचे. लक्षात घ्या, हे नफ्यावर नाही, उत्पन्नावर! छपाई, चित्रकार, कुरिअर हे सगळं भागवून हातात २५ टक्के तरी उरतात का, हे पुस्तक छापणाऱ्या कोणालाही विचारा.

या मसुद्याचा फटका फक्त मोठ्यांना नव्हता. दोन-चार जणांची टीम वर्षभर खपून एक क्लासचं पुस्तक काढते, क्राउडफंडिंग करते, चित्रकारांना आगाऊ पैसे देते. पुस्तक छापखान्यात असताना पायाखालचं लायसन्सच बदललं तर त्यांनी काय करायचं? एखादी डिपेंडन्सी अचानक रजिस्ट्रीवरून गायब झाली की आपल्या बिल्डचं जे होतं, तेच इथे माणसांच्या पोटापाण्याचं होणार होतं.

विरोध जोरदार झाला. अनेकांनी डी अँड डी बियाँडची वर्गणी रद्द केली. पायझोने ओआरसी हे वेगळं खुलं लायसन्स आणायचं जाहीर केलं. विझर्ड्सने सुधारित मसुदा काढून लोकांची मतं मागवली, १५ हजारांवर उत्तरं आली आणि त्यात नापसंती उघड होती. शेवटी २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. ओजीएल १.० अ ला हात लावणार नाही असं सांगितलं आणि एसआरडी ५.१ पूर्ण क्रिएटिव्ह कॉमन्स सीसी-बाय ४.० खाली खुला केला.

हा शेवटचा निर्णय खरा महत्त्वाचा. सीसी-बाय ४.० मध्ये 'इर्रिव्होकेबल' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, आणि तो मजकूर कंपनीच्या ताब्यातही नाही. जो शब्द २००० मध्ये राहून गेला तो २०२३ मध्ये पदरात पडला. २०२४ च्या सुधारित नियमांवरचा एसआरडी ५.२ सुद्धा एप्रिल २०२५ मध्ये सीसी-बाय खालीच आला.

## टेबलावर घेण्याआधी: पाच तपासण्या

लायसन्स लेखकाला लिहायची मुभा देतं. ते लेखन चांगलं आहे याची हमी देत नाही. ती तपासणी डीएमनेच करायची. आम्ही आता हे पाच प्रश्न विचारतो.

१. सरासरी नुकसान किती? हे गणित पाच मिनिटांत होतं. पाचव्या लेव्हलचा साधा फायटर घ्या. हातात मोठी तलवार, ताकदीचे अधिक ४. तलवारीचे दोन सहा-बाजूंचे फासे म्हणजे सरासरी ७, अधिक ४, एकूण ११. त्याला दोन हल्ले मिळतात, म्हणजे २२. त्याच्या हल्ल्यात अधिक ७ मिळतात आणि समोरच्याचा बचाव १५ असेल, तर फाशावर ८ किंवा जास्त हवेत. म्हणजे ६५ टक्के शक्यता. २२ चे ६५ टक्के म्हणजे फेरीला साधारण १४.

चोराचं बघा. तीर ३.५, चपळाईचे ४, छुप्या वाराचे तीन फासे १०.५, एकूण १८. त्याचे ६५ टक्के म्हणजे जवळजवळ १२.

आता आमच्या त्या पीडीएफमधला योद्धा. पाचव्या लेव्हलला तिसरा हल्ला, आणि प्रत्येक हल्ल्यावर एक आठ-बाजूंचा जास्तीचा फासा, काहीही खर्च न करता. ११ अधिक ४.५ म्हणजे १५.५, गुणिले ३ म्हणजे ४६.५, आणि त्याचे ६५ टक्के ३०. फायटरच्या दुप्पट, चोराच्या अडीचपट! मित्राला काम का उरत नव्हतं, ते इथे दिसतं.

२. किंमत काय? जास्त नुकसान हा आपोआप गुन्हा नाही. ब्लड हंटर जीव देतो, विझर्ड मर्यादित मंत्र खर्च करतो. पाचव्या लेव्हलच्या विझर्डचा फायरबॉल सरासरी २८ चं नुकसान करतो आणि तेही अनेकांवर एकदम, पण असे मंत्र दिवसाला मोजकेच. 'कितीही वेळा' आणि 'फुकट' हे दोन शब्द एकत्र दिसले की थांबा.

३. वेळेचे नियम पाळतो का? एका फेरीत प्रत्येकाला एक ॲक्शन, एक बोनस ॲक्शन आणि एक रिॲक्शन मिळते. लक्ष लावून धरायचे मंत्र एका वेळी एकच. नवखे लेखक नेमकं इथेच घसरतात: "ही शक्ती वापरायला ॲक्शन लागत नाही", "या मंत्रासाठी लक्ष लावायची गरज नाही". रेट लिमिट काढून टाकल्यासारखंच हे.

४. पहिल्या दोन लेव्हलमध्येच सगळं वाटून टाकलंय का? या खेळात एक पात्र दोन क्लास मिसळू शकतं. सगळी मलई वरच असेल तर खेळाडू दोन लेव्हल घेऊन दुसऱ्या क्लासकडे पळतो. क्लास एकटा ठीक वाटतो, पण पॅलाडिन किंवा वॉरलॉकसोबत जोडला की फुटतो. आपण याला इंटिग्रेशन टेस्ट म्हणतो.

५. कोणत्या व्हर्जनसाठी लिहिलाय? २०१४ च्या नियमांत उपवर्ग निवडायची लेव्हल क्लासप्रमाणे बदलते: क्लेरिकला पहिली, विझर्डला दुसरी, फायटरला तिसरी. २०२४ च्या नियमांत सगळ्यांना तिसरी. शिवाय योद्ध्यांच्या शस्त्रांना 'मास्टरी' नावाची नवी भर मिळाली. जुना थर्ड पार्टी क्लास नव्या टेबलावर चालतो, पण थोडं मायग्रेशन करावं लागतं.

आणि गणितात न बसणारी एक सहावी गोष्ट: हा क्लास दुसऱ्या कोणाचं काम हिसकावतो का? एखादा क्लास नुकसानात बेताचा असेल, पण कुलूपही उघडतो, जखमाही बऱ्या करतो आणि राजाशी बोलणीही करतो, तर बाकीच्यांनी काय चहा करायचा?

## स्वतः लिहायचा असेल तर

कायद्याची मूळ रेषा अशी आहे की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. भारतात १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. "वीस बाजूंचा फासा टाकून आकडा गाठा" ही पद्धत कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाही, पण पुस्तकातले परिच्छेद आहेत. ही रेषा कुठे पुसट होते हे कोर्टात जाऊन शोधण्यापेक्षा एसआरडी वापरणं सोपं.

व्यवहारात दोन रस्ते आहेत. पहिला, एसआरडी सीसी-बाय खाली वापरा, सांगितलेली श्रेयाची ओळ छापा, आणि कुठेही विका. मुखपृष्ठावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचं नाव किंवा लोगो लावायचा नाही, तो ट्रेडमार्क आहे. "पाचव्या आवृत्तीशी सुसंगत" असं मात्र लिहिता येतं. दुसरा रस्ता म्हणजे २०१६ मध्ये सुरू झालेलं डीएम्स गिल्ड. तिथे फरगॉटन रेल्म्ससारखं कंपनीच्या मालकीचं जगही वापरता येतं. पण विक्रीतला निम्मा वाटा सोडावा लागतो, आणि तो मजकूर दुसरीकडे विकता येत नाही. जग उसनं हवं की स्वातंत्र्य, हे आधीच ठरवा.

मराठी वाचकांसाठी यात एक खास गोष्ट आहे. सीसी-बाय मध्ये भाषांतराचीही मुभा आहे. एसआरडी मराठीत आणायला, त्यावर मराठीत क्लास लिहायला आणि तो विकायलाही कोणाला मेल टाकून परवानगी मागायची गरज नाही. श्रेय द्यायचं आणि कामाला लागायचं.

## मग आमच्या ग्रुपचं काय झालं?

तो क्लास आम्ही काढून टाकला नाही. ज्याने आणला होता त्याचा त्या पात्रावर जीव जडला होता. आम्ही पॅच केलं: तिसरा हल्ला काढला, आणि जास्तीचा फासा फेरीत एकदाच ठेवला. आता २२ अधिक एका फाशाचे ४.५ धरले आणि त्याचे ६५ टक्के केले, तर सरासरी १७ च्या आसपास येते. फायटरपेक्षा थोडी वर, पण डोळ्यात खुपत नाही. आणलेल्या मित्राने आधी तोंड वाकडं केलं, मग गणित बघितलं आणि मान्य केलं.

पुढच्या रविवारी चोरवाला मित्र आला. बंद दरवाजा, मागे पहारेकरी, आणि योद्ध्याची तलवार तिथे काही कामाची नव्हती. त्याने फासा टाकला, १९ आले आणि कुलूप उघडलं. सगळे ओरडले.

थर्ड पार्टी क्लास जरूर आणा. त्यातच या खेळाची निम्मी मजा आहे, आणि तो लिहिणाऱ्याचं घरही त्यावर चालत असू शकतं, म्हणून आवडला तर विकत घ्या. फक्त मर्ज करण्याआधी एकदा रिव्ह्यू करा. मुखपृष्ठाचा नाही, तक्त्याचा.